दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आणि शारीरिक हालचालींचे मापन : प्रश्नावलीच्या भाषेची चिकित्सा

सारांश

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या रुग्णांची शारीरिक हालचाल मोजण्यासाठी प्रश्नावली, पेडोमीटर, ॲक्सेलरोमीटर ही साधने वापरली जातात. प्रस्तुत लेखात या साधनांची, त्यातही प्रश्नावलीची, चिकित्सा चऱ्होली व परिसरातील जीवनव्यवहार आणि मराठी भाषाव्यवहार समोर ठेवून केली आहे. प्रश्नात वापरलेले क्रियापद, कालावधीची अट आणि आठवड्याचे गणित या तीन ठिकाणी रुग्णाचे श्रम नोंदीबाहेर राहतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, शारीरिक हालचाल, प्रश्नावली, डायलिसिस, घरकाम, श्रम, भाषांतर.

१. प्रास्ताविक

मूत्रपिंडाच्या रचनेत वा कार्यात निर्माण झालेला दोष तीन महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिला आणि त्याचा आरोग्यावर परिणाम होत असेल, तर त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हटले जाते. मधुमेह व उच्च रक्तदाब ही त्याची दोन ठळक कारणे होत. या विकारात रक्तक्षय, स्नायूंचा ऱ्हास आणि थकवा यांमुळे माणसाची हालचाल हळूहळू आक्रसत जाते, आणि हालचाल आक्रसली की स्नायू आणखी क्षीण होतात. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी आता विश्रांतीऐवजी हालचालीचा सल्ला दिला जातो. 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा रुग्णाने आठवड्यात एकूण किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी, अथवा हृदयाला व शरीराला झेपेल इतकी करावी. हा सल्ला देताना वय, वांशिक पार्श्वभूमी, अन्य आजार आणि उपलब्ध साधने यांचा विचार व्हावा, असेही तेथे नमूद आहे.

सल्ला असा आकड्यात दिला गेला की मोजणी अपरिहार्य ठरते. रुग्ण आज किती हालचाल करतो, हे कळल्याखेरीज उद्या किती वाढवावी हे सांगता येत नाही. या मोजणीचा आणखी एक उपयोग फारसा लक्षात घेतला जात नाही. मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज रक्तातील क्रिएटिनिनवरून बांधला जातो आणि क्रिएटिनिन हे स्नायूंतून निर्माण होते. अंथरुणाला खिळून ज्याचे स्नायू झडले आहेत, अशा रुग्णाचे क्रिएटिनिन कमी दिसून त्याचे मूत्रपिंड प्रत्यक्षाहून बरे भासू शकते. म्हणजे रुग्ण दिवसभर काय करतो, ही माहिती रक्ताचा अहवाल नीट वाचण्यासाठीही आवश्यक आहे.

हा विषय वैद्यकाचा असताना भाषेच्या अभ्यासकाने त्यात का डोकवावे, असा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हालचाल मोजण्याचे सर्वांत स्वस्त आणि म्हणून मोठ्या पाहण्यांत सर्रास वापरले जाणारे साधन प्रश्नावली हे आहे, आणि प्रश्नावली ही प्रथमतः एक संहिता असते. तिच्यात शब्दांची निवड असते, गृहीतके असतात आणि तिच्या कर्त्याच्या मनात एक वाचकही असतो. कोणत्याही संहितेप्रमाणे तिची समीक्षा होऊ शकते, नव्हे, ती व्हावयास हवी. कारण या संहितेच्या वाचनातून एखाद्या आजारी माणसावर 'निष्क्रिय' असा शिक्का बसत असतो.

या चिकित्सेसाठी चऱ्होलीचा परिसर उद्बोधक आहे. इंद्रायणीकाठचे, आळंदीच्या शेजारचे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. शेती, गावठाण, नव्या गृहनिर्माण संस्था, भोसरी व चाकणच्या कारखान्यांतील पाळ्या आणि आळंदीची वारी हे सारे येथे एकाच वस्तीत नांदते. त्यामुळे 'हालचाल' या शब्दाचे जितके अर्थ मराठी समाजात संभवतात, ते जवळजवळ सर्व येथे भेटतात.

२. साधनांचा संक्षिप्त परिचय

हालचाल मोजण्याची साधने ढोबळपणे दोन प्रकारची आहेत : माणसाला विचारणारी आणि माणसाला न विचारता नोंद घेणारी. पहिल्या प्रकारात 'आयपॅक' ही आंतरराष्ट्रीय प्रश्नावली प्रमुख होय. तिचे काम १९९८ मध्ये जिनिव्हा येथे सुरू झाले आणि १२ देशांतील तिच्या पडताळणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या लघुरूपात ७, तर दीर्घरूपात २७ प्रश्न आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची 'जीपॅक' ही प्रश्नावली १६ प्रश्नांची असून ती काम, प्रवास व फावल्या वेळेतील हालचाल अशा तीन विभागांत माहिती घेते आणि बसण्याचा वेळ स्वतंत्रपणे विचारते. उत्तरांतील मिनिटांना 'मेट' या एककाने गुणले जाते. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाव्यय म्हणजे १ मेट. 'आयपॅक'मध्ये चालण्यासाठी ३.३, मध्यम हालचालीसाठी ४ आणि जोरदार हालचालीसाठी ८ मेट धरतात.

दुसऱ्या प्रकारात पावले मोजणारा पेडोमीटर आणि शरीराच्या गतीतील बदल टिपणारा ॲक्सेलरोमीटर यांचा समावेश होतो. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो ही चाचणीही प्रचलित आहे. परंतु ती क्षमता मोजते, दैनंदिन हालचाल नव्हे. माणूस काय करू शकतो आणि प्रत्यक्षात काय करतो, या दोहोंत अंतर असते.

मूत्रपिंडविकाराच्या क्षेत्रात या साधनांचे महत्त्व एका अभ्यासाने अधोरेखित केले. जोहान्सेन व सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या या अमेरिकी अभ्यासात ३४ हिमोडायलिसिस रुग्णांची तुलना ८० निरोगी, परंतु बैठी जीवनशैली असलेल्या व्यक्तींशी ॲक्सेलरोमीटरच्या साहाय्याने करण्यात आली. रुग्णांची हालचाल त्या बैठ्या व्यक्तींहूनही कमी आढळली. पुढील काळातील निरीक्षणात्मक अभ्यासांत कमी हालचाल आणि अधिक मृत्युदर यांचा संबंधही दिसून आला. मात्र येथे कार्यकारणभाव दोन्ही दिशांनी संभवतो. आजार बळावल्याने माणूस बसतो आणि बसल्याने आजार बळावतो. यातील कोणता धागा किती जाड हे ठरवण्यासाठी मोजणी विश्वासार्ह असणे ही पहिली अट आहे.

३. प्रश्नातील क्रियापदे

कोणत्याही हालचाल-प्रश्नावलीचे मराठी रूप करताना चार-पाच शब्दांवर सारा भार पडतो : काम, चालणे, बसणे, व्यायाम आणि श्वास वाढणे. हे शब्द वरवर पाहता निरुपद्रवी वाटतात. प्रत्यक्ष व्यवहारात त्यांना सामाजिक अर्थ चिकटलेले आहेत.

'काम' हा शब्द प्रथम घेऊ. 'तुम्ही काय काम करता?' या प्रश्नाला मराठी गृहिणीचे सर्वाधिक संभाव्य उत्तर 'काही नाही, घरीच असते' असे आहे. पहाटे उठून पाणी भरणारी, झाडलोट, भाकऱ्या, धुणीभांडी करणारी स्त्री हे उत्तर देते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. समाजाने 'काम' या शब्दाला मजुरी वा पगार जोडला आहे आणि ती तोच अर्थ पाळत असते. 'जीपॅक'च्या कर्त्यांना या धोक्याची जाणीव होती. म्हणूनच बिनपगारी काम व घरकाम यांचाही समावेश धरावा, असे स्पष्टीकरण त्या विभागाच्या आरंभी दिलेले आहे. 'आयपॅक'च्या दीर्घरूपातही घरकामासाठी वेगळा विभाग आहे. परंतु आरंभी एकदा वाचलेले स्पष्टीकरण शब्दाचा रूढ अर्थ पुसून टाकते, असे मानणे भाषेच्या स्वभावाला धरून नाही. शिवाय गर्दीच्या पाहणीत वापरले जाते ते बहुधा लघुरूप, आणि तेथे घरकामाला स्वतंत्र जागाच नाही.

'बसणे' या क्रियापदाची गत याहून विचित्र आहे. 'सध्या घरी बसून आहे' याचा मराठी अर्थ 'नोकरी नाही' असा होतो. डायलिसिसमुळे कंपनी सुटलेला कामगार हे वाक्य उच्चारतो, तेव्हा तो शरीराच्या स्थितीबद्दल नव्हे, तर गेलेल्या रोजगाराबद्दल बोलत असतो. दुसरीकडे, बसण्याचे प्रकारही एक नाहीत. खुर्चीत रेलून बसणे, मांडी घालून धान्य निवडणे आणि उकिडवे बसून कपडे घासणे या तीन क्रियांत स्नायूंना पडणारा ताण निरनिराळा असतो. लघुरूपातील बसण्याचा प्रश्न टेबलाशी, वाचनाशी आणि दूरचित्रवाणीशी जोडलेला आहे. उकिडवे बसून केलेल्या श्रमांचे काय करावयाचे, हे त्यात सांगितलेले नाही.

'चालणे' या शब्दाबाबतही सावधगिरी हवी. 'चालायला जाता का?' असे विचारले असता ऐकणाऱ्यास सकाळी बूट घालून मारलेला फेरफटका अभिप्रेत आहे असे वाटते. शेतावर, गिरणीत दळण घेऊन, बसथांब्यापर्यंत वा देवळात जाणारा मनुष्य या प्रश्नाला नकार देऊ शकतो. तसेच 'व्यायाम' म्हटले की तालीम, योगासने वा जिम डोळ्यांसमोर येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मधुमेहविषयक देशव्यापी पाहणीतील हालचालींचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. 'जीपॅक'वर आधारलेल्या या अभ्यासात महाराष्ट्रातील ९१.३ टक्के व्यक्तींनी फावल्या वेळेत कोणतीही हालचाल करत नसल्याचे सांगितले. हा आकडा चिंताजनक आहे यात शंका नाही. तथापि 'फावला वेळ' ही कल्पनाच ज्यांच्या दिनक्रमात नाही, त्यांच्या बाबतीत तो विभाग रिकामा राहणे हे त्या प्रश्नाच्या चौकटीबद्दलही काही सांगते.

मूत्रपिंडविकाराच्या संदर्भात सर्वांत गंभीर अडचण श्वासाशी निगडित आहे. प्रश्नावलीनुसार ज्या क्रियेत श्वास नेहमीपेक्षा बराच वाढतो ती जोरदार, काहीसा वाढतो ती मध्यम. निरोगी माणसाच्या बाबतीत हे ठीक आहे. परंतु रक्तक्षय असलेल्या, अंगात पाणी साठलेल्या रुग्णाला एक जिना चढतानाही धाप लागते. 'कशाने दम लागतो?' हा प्रश्न मराठीत डॉक्टर विचारतात तो लक्षण म्हणून. तोच शब्द मोजमापात परिश्रमाचे परिमाण म्हणून आला, तर रुग्णाचा आजारच त्याची 'जोरदार हालचाल' म्हणून नोंदला जाईल आणि त्यास ८ मेटचा गुणक लागेल. जो जितका अधिक आजारी, तो तितका अधिक सक्रिय, असा विपरीत निष्कर्ष यातून निघू शकतो. याच प्रश्नावलीत मध्यम हालचालीच्या उदाहरणांत दुहेरी टेनिसचा उल्लेख आहे. त्याचे केवळ लिप्यंतर करून भागणार नाही, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

४. दहा मिनिटे आणि पाच दिवस

शब्दांनंतर अंकगणिताकडे वळू. 'आयपॅक' व 'जीपॅक' या दोन्हींच्या मूळ रचनेत सलग किमान दहा मिनिटे चाललेलीच हालचाल धरली जाते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक स्त्री दिवसातून सहा वेळा, प्रत्येक खेपेस आठ मिनिटे चालते : नळावर, दुकानात, शाळेपर्यंत, शेताच्या बांधावर. दिवसाची ४८ आणि आठवड्याची ३३६ मिनिटे होतात. ३.३ ने गुणल्यास सुमारे १,१०९ मेट-मिनिटे होतात आणि ती 'मध्यम' गटात बसते. दहा मिनिटांची अट लावताच हीच बेरीज शून्य होते आणि तीच स्त्री 'निम्न' गटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत दहा मिनिटांची अट काढून टाकली आणि 'केडिगो'ही एकूण मिनिटांचीच भाषा बोलते. सल्ला बदलला आहे. परंतु जुन्या रचनेची प्रश्नावली वापरत राहिल्यास नव्या सल्ल्याची तपासणी जुन्या मापाने होते. दम खात, थांबत थांबत चालणाऱ्या रुग्णासाठी हा फरक निर्णायक आहे.

दुसरी अट दिवसांची. 'आयपॅक'च्या २००५ च्या गुणांकन-पद्धतीनुसार जोरदार हालचाल न करणाऱ्यास 'मध्यम' गटात येण्यासाठी आठवड्यातील किमान पाच दिवस हालचाल करावी लागते. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणारा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. सुमारे चार तासांचा उपचार, येण्याजाण्याचा प्रवास आणि त्यानंतर येणारी ग्लानी यांमुळे ते तीन दिवस बहुधा हातचे जातात. उरलेल्या चार दिवसांत तो रोज ५० मिनिटे चालला, तर २०० मिनिटे, म्हणजेच ६६० मेट-मिनिटे होतात. 'केडिगो'चे १५० मिनिटांचे लक्ष्य त्याने ओलांडलेले आहे. तरीही दिवस चारच भरल्याने प्रश्नावली त्यास 'निम्न' ठरवते. आपल्या देशात खर्च व अंतर यांमुळे अनेक रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. त्यांच्या वाट्याला बरोबर पाच दिवस येतात आणि त्यांतील एकही चुकवून चालत नाही. म्हणजे ज्यास उपचार अधिक वेळा मिळतो, तो वर्गीकरणात अधिक निष्क्रिय ठरण्याचा संभव निर्माण होतो. अशा रुग्णासाठी 'गेले सात दिवस' हे एकसंध एकक नाहीच. डायलिसिसचा दिवस, त्याच्या दुसरा दिवस आणि दीर्घ खंडाचा शेवटचा दिवस हे शारीरिक दृष्ट्या भिन्न दिवस आहेत. त्यांची सरासरी काढणे म्हणजे त्यांतील भेद पुसणे होय.

मेट या एककाविषयीही एक नोंद आवश्यक आहे. १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे दर मिनिटास ३.५ मिलिलिटर प्राणवायू, असे धरले जाते. बायर्न व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ७६९ प्रौढांवर केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष सरासरी २.६ मिलिलिटर आढळली. निरोगी माणसांतच जेथे ही तफावत आहे, तेथे स्नायू झडलेल्या, दोन डायलिसिसांच्या दरम्यान पाण्याने वजन वाढणाऱ्या रुग्णाला हे एकक जसेच्या तसे लावणे शंकास्पद आहे.

५. यंत्र तटस्थ असते काय?

प्रश्नावलीत इतके दोष असतील, तर यंत्र बांधावे, असा उपाय साहजिकच सुचतो. परंतु यंत्रालाही स्वतःची अशी एक भाषा असते. साधे पेडोमीटर संथ चालीत पावले चुकवतात, आणि या विकारातील वृद्ध रुग्णांची चाल संथच असते. मनगटी घड्याळाबाबत आणखी एक बारकावा आहे. डायलिसिससाठीचा फिस्टुला सामान्यतः कमी वापराच्या, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या हातावर केला जातो आणि त्या हातावर घट्ट काही बांधू नये असे सांगितले जाते. परिणामी घड्याळ उजव्या हातावर जाते. तो हात पोळ्या लाटतो, भाजी चिरतो, कणीक मळतो. या हालचालींची पावले म्हणून नोंद होण्याचा संभव असतो. कमरेला लावायचा ॲक्सेलरोमीटर हा दोष टाळतो. मात्र उकिडवे बसून केलेले किंवा ओझे उचलून केलेले काम त्यास नीट दिसत नाही. नेसत्या साडीवर तो कोठे अडकवावा आणि पाण्याच्या कामात काढून ठेवल्यास तो वेळ कसा धरावा, हे प्रश्न वेगळेच. हृदयगतीवरून तीव्रता ठरवावी, तर रक्तदाबाच्या काही औषधांनी ती मुळातच आवरलेली असते. ऊर्जाव्ययाची आदर्श मानली जाणारी समस्थानिकयुक्त पाण्याची पद्धतही येथे अडखळते. कारण शरीरातील पाण्याचा नैसर्गिक निचरा हे तिचे गृहीतक आहे आणि डायलिसिस नेमके तेच बदलते.

दिवसाला दहा हजार पावलांचे सर्वपरिचित लक्ष्य १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून रूढ झाले. ते रुग्णांच्या अभ्यासातून आलेले नाही. यास्तव यंत्राचा आकडा हे अंतिम सत्य मानून त्याच्या आधारे रुग्णाच्या कथनाला खोटे ठरवणे उचित नाही. यंत्र किती हालले ते सांगते. कशासाठी आणि कोणत्या सायासाने हालले, हे रुग्णच सांगू शकतो.

६. श्रम आणि व्यायाम यांतील भेद

आतापर्यंतच्या विवेचनात श्रमांची नोंद व्हावी, असा आग्रह धरला. पण नोंदलेले सर्व श्रम हितकारकच असतात, असे मात्र मानता येत नाही. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत मधुमेह वा उच्च रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडविकार मोठ्या प्रमाणावर आढळला असून, उन्हातील अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे हे त्याचे एक प्रमुख संशयित कारण मानले जाते. आंध्र प्रदेशातील उद्दानम परिसरही अशाच कारण न उलगडलेल्या विकारासाठी ओळखला जातो. ऊसतोड हा ज्या राज्यातील लक्षावधी कुटुंबांचा हंगामी व्यवसाय आहे, तेथे ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. भट्टीजवळ उभे राहून काढलेली पाळी आणि सायंकाळी नदीकाठी मारलेला फेरफटका यांची मेट-मिनिटे कदाचित सारखी भरतील. शरीरावरील परिणाम सारखा असेलच असे नाही. श्रमांनंतर अंगदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा भारही मूत्रपिंडावरच पडतो. म्हणून किती मिनिटे, या प्रश्नाबरोबर कोणत्या उन्हात, कोणाच्या हुकमाने आणि थांबण्याची मुभा होती काय, हे प्रश्नही मोजणीचा भाग व्हावयास हवेत.

७. पर्यायाची दिशा

चिकित्सा केवळ दोषदर्शनावर थांबू नये. उपलब्ध साधनांपैकी 'ह्यूमन ॲक्टिव्हिटी प्रोफाइल' ही ९४ क्रियांची अमेरिकी सूची या दृष्टीने विचारार्ह आहे. डायलिसिस रुग्णांवरील २००१ च्या पडताळणीत तिचे निष्कर्ष ॲक्सेलरोमीटरशी चांगले जुळले होते. तिची रचना मोलाची आहे. ती मिनिटे विचारत नाही. प्रत्येक क्रियेबाबत 'अजून करतो', 'करणे सोडले' आणि 'कधीच केले नाही' एवढेच तीन पर्याय देते. आजारी माणसाला मिनिटे आठवत नाहीत, पण काय सुटले ते पक्के आठवते. तिचा दोष सूचीतील क्रियांत आहे. हिरवळ कापणे वा गालिच्यावर व्हॅक्यूम क्लीनर फिरवणे या क्रियांना चऱ्होलीतील बहुतेक जण 'कधीच केले नाही' असेच उत्तर देतील.

ही रचना ठेवून तिच्यात मराठी क्रिया भरता येतील. मांडी घालून बसून हाताचा आधार न घेता उठणे, उकिडवे बसून भांडी घासणे, भरलेली कळशी वा हंडा उचलणे, दळण आणणे, दुसऱ्या मजल्यावर न थांबता चढणे, पूर्ण पाळी उभ्याने काढणे, एकादशीला आळंदीपर्यंत पायी जाणे अशी ती सूची असू शकेल. वारीच्या परंपरेत हे मोजमाप लोकांनी आपल्यापुरते केव्हाच सिद्ध केले आहे. 'पूर्वी पंढरपूरपर्यंत जात असे, मग दिवेघाट चढून परतू लागलो, आता प्रस्थानाला आळंदीत तेवढा जातो' असे कोणी सांगितले, तर त्यात क्षमतेच्या ऱ्हासाचा आलेखच असतो. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीय जीवनक्रम लक्षात घेऊन तयार केलेली आणि २०१५ मध्ये पडताळणीसह प्रसिद्ध झालेली प्रश्नावली हा या मार्गावरील आदर्श म्हणता येईल. मात्र सूची बदलली की पडताळणी नव्याने करावी लागते, हे पथ्य पाळले पाहिजे. त्यासाठी मूत्रपिंडतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक आणि भाषेचे अभ्यासक यांनी एकत्र येणे गरजेचे आहे. डायलिसिसच्या व इतर दिवसांची नोंद वेगळी ठेवणे, 'काम' न विचारता प्रत्यक्ष क्रिया विचारणे आणि दम लागण्यावरून तीव्रता न ठरवणे, या तीन सुधारणा तर विनाखर्च करता येण्याजोग्या आहेत.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांच्या हालचालीचे मापन हे संख्येइतकेच अर्थाचे काम आहे. प्रचलित प्रश्नावल्या निकामी आहेत, असा येथे दावा नाही. 'आयपॅक' ही १५ ते ६९ वयोगटातील सर्वसाधारण लोकसंख्येच्या पाहणीसाठी निर्माण झाली आणि त्या कामी ती उपयुक्त ठरली. अडचण उद्भवते ती तिचा निकाल एका विशिष्ट आजारी व्यक्तीवर निवाड्यासारखा लावला जातो तेव्हा. घरकामाने दमलेल्या रुग्ण स्त्रीला 'निष्क्रिय' ठरवून वर चालण्याचा सल्ला दिला, तर ती तो पाळणार नाही आणि दोष तिच्याच माथी येईल. उलट, धाप लागणाऱ्यास 'सक्रिय' ठरवले, तर आवश्यक असलेले साहाय्य त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. दोन्ही प्रसंगी हानी रुग्णाचीच आहे. आपल्या महाविद्यालयांतून अशा प्रश्नावल्या संशोधन प्रकल्पांसाठी वापरल्या जातात. त्या वापरण्यापूर्वी त्यांतील प्रत्येक क्रियापद ज्यांना विचारावयाचे त्यांच्या तोंडून एकदा ऐकून घ्यावे, एवढी अपेक्षा या लेखाच्या निमित्ताने व्यक्त करावीशी वाटते.